गोल्फचा बॅकस्विंग अडतो? आधी बाकावर बसून पाठ मोकळी करा

बडोद्यात लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात थंडीतल्या सकाळी गोल्फ खेळणाऱ्या पन्नाशीपुढच्या मंडळींची तक्रार ठरलेली: बॅकस्विंग (फटक्याआधी काठी मागे नेणं) अर्ध्यातच अडतो आणि घरी जाईपर्यंत कंबर धरते. कमरेचे मणके मुळात फारसे फिरत नाहीत. वळायला हवी ती छातीमागची पाठ आणि खुबे. पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, जाण्याआधी पाच मिनिटं काढा.

१. बाकाच्या कडेवर ताठ बसा, पावलं जमिनीवर टेकलेली. घडी केलेला टॉवेल दोन्ही गुडघ्यांत दाबून धरा. खरी युक्ती हीच आहे. टॉवेल सरकला किंवा एक गुडघा पुढे गेला, की समजा पाठीऐवजी खुबे फिरले.

२. क्लब (गोल्फची काठी) छातीवर आडवा धरा, हातांची घडी त्यावर.

३. श्वास सोडत सावकाश उजवीकडे वळा, क्षणभर थांबा, परत या. आठ-दहा वेळा. मग डावीकडे तेवढंच. उजव्या हाताने खेळणारे ही बाजू अनेकदा टाळतात, आणि फॉलो-थ्रू (फटक्यानंतरचा काठीचा झोका) तिथेच अडकतो.

४. उभे राहा, क्लब जमिनीवर टेकवून आधार घ्या आणि एकेक पाय पुढे-मागे, मग आडवा झुलवा.

ताण देऊन बराच वेळ थांबण्याचे व्यायाम खेळ झाल्यावर करा.

हिसका मात्र कधीच देऊ नका. मणक्याच्या गादीचा त्रास किंवा हाडं ठिसूळ झालेली असतील, तर आधी फिजिओथेरपिस्टला विचारा. वळताना पायात कळ किंवा मुंग्या आल्या तर तिथेच थांबा.