छोट्या पिकअपला ट्रेलर जोडताना : ओढण्याआधी थांबण्याचा हिशेब

पिकअप बघायला गेलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती ओढते?’ ट्रेलर लावणाऱ्याने विचारायचा प्रश्न वेगळा आहे : मागे पाऊण टन वजन असताना ही गाडी थांबते कशी? इंजिन कमी पडलं तर चढावर दम लागेल, एवढंच. ब्रेक कमी पडले किंवा माल चुकीच्या जागी भरला, तर उतारावर करण्यासारखं फारसं काही उरत नाही. म्हणून या लेखातला निम्मा भाग गाडी सुरू करण्याआधीचा आहे.

गोव्यात छोटा ट्रेलर लागतो तो जनरेटर, पाण्याची टाकी, मंडपाचं सामान, चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे) किंवा होडी न्यायला. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, पण हिशेब एकच.

आधी वजन करा, अंदाज नको

पिकअपच्या आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन आणि मालासकट कमाल वजन, दोन्ही लिहिलेलं असतं. ट्रेलर किती ओढता येईल हा आकडा मात्र कंपनीच्या पुस्तिकेत बघायचा. तिथे नसेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या. ‘आमची बोलेरो दोन टन ओढते’ असं सांगणारा शेजारी दंड भरायला येत नाही.

उदाहरण घेऊ. गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, बांधायला वीस चिरे आणायचेत. एक चिरा साधारण तीस किलोचा धरला, तरी सहाशे किलो झाले. चिरा पाणी पितो, त्यामुळे पावसात भिजलेला ढीग याहून जड भरतो. ट्रेलरचं स्वतःचं वजन अडीचशे. म्हणजे साडेआठशे किलो. युरोपात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसला तरी चालतो, त्यापुढे ब्रेक लागतोच. हा आकडा आपणही मनाशी धरावा. बिनब्रेकचा ट्रेलर रिकाम्या पिकअपच्या वजनाच्या निम्म्याहून जड होऊ देऊ नये. वीस चिरे दोन खेपांत आणले तर डिझेल थोडं जास्त जाईल, बाकी काही नाही. पहिली भरलेली खेप जवळच्या वजनकाट्यावर चढवून बघा, म्हणजे पुढच्या वेळी डोळ्याला अंदाज येतो.

जास्त वजनाचा दंड हलका नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली वीस हजार रुपये, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, आणि जादा माल उतरवण्याचा खर्चही आपलाच.

कागद

ट्रेलर हे कायद्याने स्वतंत्र वाहन आहे, त्याची वेगळी नोंदणी लागते. कलम ६१ प्रमाणे ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रेलरवर दिसला पाहिजे. गाडीला हुक बसवणं हा बदल असल्यामुळे आधी आरटीओत विचारून घ्या, आणि विम्याच्या पॉलिसीत ट्रेलरचा उल्लेख आहे का तेही वाचा. अपघातानंतर ते वाचण्यात अर्थ नसतो.

हुक कुठे बसवायचा

बंपरला नाही. बंपर पत्र्याचा असतो, त्याला वेल्डिंग करून लावलेला हुक पहिल्या मोठ्या खड्ड्यात बंपरसकट उखडू शकतो. हुकची चौकट चॅसिसच्या दोन्ही पट्ट्यांना जाड बोल्टने बसली पाहिजे. ट्रॅक्टरसारखा पिनचा हुक आपल्याकडे कुणीही वेल्डर करून देतो, पण पिन आणि भोकात फट राहते, दर ब्रेकला ‘ठक’ बसतो आणि भोक मोठं होत जातं. रस्त्यावर चालवायच्या ट्रेलरला बॉलचा हुकच बरा. त्यातही माप बघा. ५० मिलिमीटरचा बॉल आणि त्यावर बसणारी ट्रेलरच्या दांड्याची टोपी दोन इंची, म्हणजे ५०.८ मिलिमीटरची, हे दिसायला सारखेच. टोपी वरून बसते, सैल राहते आणि उसळीत सुटू शकते. दोन्हींवर माप कोरलेलं असतं, ते वाचूनच घ्या.

जोडल्यावर ट्रेलर जमिनीला समांतर हवा, फार तर पुढून किंचित खाली. नाक वर गेलेला ट्रेलर वेगात डोलायला लागतो.

माल भरणं : सगळ्यात महत्त्वाची पायरी

ट्रेलरच्या एकूण वजनापैकी दहा ते पंधरा टक्के वजन पुढच्या दांड्यावर, म्हणजे हुकवर पडलं पाहिजे. साडेसातशे किलोच्या ट्रेलरला पंचाहत्तर ते एकशेदहा किलो. यापेक्षा कमी पडलं, किंवा मागे माल जास्त होऊन दांडा वर उचलला जाऊ लागला, की ट्रेलर शेपूट मारतो. चाळीसच्या वेगाला काही जाणवत नाही. सत्तरला एखादी कदंबा (गोव्याची सरकारी बस) बाजूने सुसाट गेली, तिच्या हवेचा धक्का बसला, की डोलणं सुरू होतं आणि दर झोक्याला वाढत जातं.

म्हणून जड माल ट्रेलरच्या चाकांच्या वर आणि किंचित पुढे, खाली तळाला, डावी-उजवी बाजू समान. हलका माल मागे आणि वर. जनरेटर चढवताना इंजिनाची बाजू कुठली ते बघा, त्याचं वजन मधोमध नसतं.

दांड्यावरचं वजन घरी मोजता येतं. सपाट जागी, ट्रेलरच्या चाकांना पाचर लावून, दांडा वजन करायच्या घरगुती काट्यावर टेकवा. दांड्याची उंची हुकवर असते तेवढीच ठेवा, खाली लाकडी ठोकळे रचा आणि त्यांचं वजन वजा करा. वजन काट्याच्या मर्यादेबाहेर असेल तर एक मजबूत फळी घ्या. तिचं एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर. विटेपासून एक फूट आणि काट्यापासून दोन फूट अंतरावर दांडा टेकवा. काटा दाखवेल त्याच्या तिप्पट हे खरं वजन. नुसत्या फळीचा भार आधी बघून तो तिप्पट करण्याआधीच वजा करायचा.

पंधरा टक्क्यांच्या वर जाणंही चांगलं नाही. हुक मागच्या चाकांच्याही मागे असतो. चाकांमधलं अंतर तीन मीटर आणि हुक मागच्या चाकापासून सव्वा मीटरच्या आत-बाहेर, असं धरा. हुकवर शंभर किलो टाकले की मागच्या चाकांवर सुमारे एकशेचाळीस किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे चाळीस कमी होतात. स्टिअरिंग हलकं लागतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो, ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरतात. शिवाय हे शंभर किलो पिकअपच्या मालमर्यादेतूनच वजा होतात. हौदा आधीच भरून टाकला असेल तर ट्रेलरला जागाच उरलेली नसते.

पाण्याच्या टाकीचं वेगळं सांगतो. हजार लिटर म्हणजे टनभर नुसतं पाणी, टाकी आणि ट्रेलर वेगळे. अर्धी टाकी पूर्ण टाकीहून वाईट, कारण आतलं पाणी ब्रेक लावल्यावर पुढे धावतं आणि वळणावर बाजूला. छोट्या पिकअपने लहान टाकी काठोकाठ भरून न्यावी, किंवा आत आडव्या पाट्या असलेली टाकी घ्यावी.

बांधायला रॅचेटचे पट्टे वापरा. काथ्याची दोरी भिजली, सुकली की सैल पडते. ताडपत्री फडफडत असेल तर ती पुन्हा बांधा, नाहीतर मांडवीवरच्या अटल सेतूवर किंवा जुवारीच्या नव्या पुलावर आडवा वारा लागला की तिचं शीड होतं. आणि ट्रेलरमध्ये माणूस बसवायचा नाही. चवथीच्या विसर्जनाला नाही, जत्रेला नाही, ‘इथंच तर जायचंय’ म्हणूनही नाही.

जोडणी

टोपी बॉलवर बसवून कडी लावा, कडीत पिन घाला. मग ट्रेलरचा जॅक फिरवून दांडा वर उचलून बघा. पिकअपचा मागचा भाग बरोबर उचलला गेला तर जोडणी पक्की आहे. नंतर जॅक पूर्ण वर. सुरक्षा साखळ्या दोन हव्यात, दांड्याखालून एकमेकींना छेद देऊन अडकवलेल्या. टोपी सुटलीच तर दांडा त्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही. वळायला पुरेल एवढीच ढील ठेवा, जमिनीला घासू देऊ नका. ब्रेक असलेल्या ट्रेलरला सुटल्यावर आपोआप ब्रेक लावणारी तार असते, तीही लावा.

दिव्यांची वायर जोडून एकाला मागे उभं करा आणि इंडिकेटर, ब्रेक, पार्किंग एकेक तपासा. इंडिकेटर लावल्यावर ब्रेकचा दिवाही मिणमिणत असेल तर बल्ब बदलत बसू नका, अर्थिंग खराब आहे. आपल्या खाऱ्या हवेत हे नेहमीचंच. अर्थिंग हुकच्या लोखंडावर न सोडता वेगळ्या वायरने चॅसिसवर, घासून स्वच्छ केलेल्या जागी घ्या.

टायरची हवा गाडी थंड असताना बघा, नट आवळा, आणि पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर थांबून नट व पट्टे पुन्हा आवळा.

रस्त्यावर

महामार्ग ६६ चौपदरी असला तरी साठच्या वर जाऊ नका, हे माझं मत. पुढच्या गाडीपासून निदान चार सेकंदांचं अंतर, पावसात त्याहून जास्त. वळणावर ट्रेलरची चाकं पिकअपच्या चाकांपेक्षा आतून जातात, म्हणून गावातल्या चिऱ्याच्या भिंतींमधून वळताना जरा पुढे जाऊन मग स्टिअरिंग फिरवा.

ट्रेलर डोलू लागलाच तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि वेग आपोआप उतरू द्या. जोरात ब्रेक मारणं किंवा झोक्याविरुद्ध स्टिअरिंग फिरवणं, दोन्ही गोष्टी ट्रेलर दुमडायला कारण होतात. थांबल्यावर माल पुढे सरकवा. वेग कमी केला म्हणून दुखणं गेलं असं नाही.

अनमोड किंवा चोर्ला घाट उतरताना, ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक सतत दाबून धरू नका, थोडा वेळ ठामपणे दाबून सोडा. पुष्कळ छोट्या ट्रेलरचा ब्रेक मागून बसणाऱ्या धक्क्यावर चालतो. लांब उतारावर ट्रेलर सतत ढकलत राहतो, म्हणून तो ब्रेकही सतत घासत राहतो आणि तापतो. घाटात मध्ये थांबून चाकाजवळ हात नेऊन बघा, टेकवू नका. जळकट वास आला तर निवेपर्यंत तिथेच थांबा.

दिवाडी-चोडणच्या फेरीबोटीवर ट्रेलर घ्यायचा असेल तर आधी फेरीवाल्यांना विचारा. ओहोटीला उतार तीव्र होतो, फेरी आणि धक्का यांच्या सांध्यात हुक घासतो. भरतीची वेळ साधली तर ही कटकट वाचते.

रिव्हर्स घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवा. ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्या बाजूला हात सरकवा. थोडं थोडं फिरवा, छोटा ट्रेलर पटकन वाकतो. कोन वाढला की हट्ट करू नका, पुढे घेऊन सरळ करा. मदतीला उभा असलेला माणूस आरशात दिसत नसेल तर गाडी हलवायची नाही.

होडीचा ट्रेलर आणि पावसाळा

खाऱ्या पाण्यात ट्रेलर उतरवण्याआधी हब, म्हणजे चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग, थंड होऊ द्या. गरम हब एकदम पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि बेअरिंगमध्ये पाणी ओढलं जातं. दिव्यांची वायर पाण्यात जाण्याआधी सोडवा. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, हबमध्ये ग्रीस भरा.

पावसाळ्यात ट्रेलर उभा राहणार असेल तर तो ठोकळ्यांवर उचलून ठेवा, दांडा थोडा वर, म्हणजे पाणी साचत नाही. ट्रेलरचे टायर घासून संपण्याआधी म्हातारे होतात. बाजूवर चार आकडी खूण असते, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षं झाली, बाजूला बारीक भेगा दिसू लागल्या, की नक्षी नवी असली तरी बदला.