सांगली जिल्ह्यातल्या तासगावसारख्या गावाची जुनी छायाचित्रे आणि घरगुती दप्तरे कशी जपावीत

गावाचा इतिहास जपण्याच्या कामाची सुरुवात स्कॅनर खरेदी करून होऊ नये. ती ऐंशीच्या पुढच्या माणसांच्या घरी जाऊन व्हावी. डागाळलेले छायाचित्र पुढेमागे उजळता येते, पण त्यातल्या तिसऱ्या रांगेतला फेटेवाला कोण होता हे सांगणारे माणूस पुन्हा मिळत नाही. म्हणून छायाचित्राची साधी झेरॉक्स काढावी, प्रत्येक चेहऱ्यावर क्रमांक घालावा आणि ती समोर ठेवून बोलते करावे. नुसते ‘हे कोण?’ असे विचारले की उत्तर एका नावात संपते. कोणाच्या दारातला फोटो, कशाचे निमित्त, शेजारी कोण उभे, त्यांचे घर कोणत्या गल्लीत, असे विचारले की नावामागून नाती आणि धंदे आपोआप येतात. स्त्रियांच्या बाबतीत माहेरचे नाव आणि माहेरचे गाव आवर्जून लिहावे, कारण जुन्या नोंदींत त्या बहुधा ‘सौ.’ आणि नवऱ्याचे नाव एवढ्यावरच थांबलेल्या असतात. दोघांनी दोन वेगळी नावे सांगितली तर आपण निवाडा करू नये. कोणी काय सांगितले ते तारखेसह दोन्ही लिहून ठेवावे.

छायाचित्राचा काळ ठरवताना चेहऱ्यांपेक्षा मागची भिंत अधिक बोलते. दुकानाची पाटी, विजेचा खांब, मोटारीचा नंबर, छायाचित्राच्या पाठीवरचा स्टुडिओचा शिक्का हे सारे टिपावे. पाटीवर किंवा शिक्क्यावर ‘जि. दक्षिण सातारा’ असे असेल तर तो १९४९ ते १९६० या काळातला मानण्यास हरकत नाही, कारण १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन झालेल्या या जिल्ह्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. (लोक जुनी पाटी वर्षानुवर्षे उतरवत नाहीत, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.) भाव ‘नये पैसे’ या नाण्यात लिहिला असेल तर तो एप्रिल १९५७ नंतरचा, पत्त्यात पिन कोड असेल तर ऑगस्ट १९७२ नंतरचा. तासगावात तर एक आयतीच सोय आहे. भाद्रपद शुद्ध पंचमीला गणपतीचा रथ दरवर्षी त्याच मार्गाने ओढला जातो, त्यामुळे निरनिराळ्या घरांतली रथोत्सवाची छायाचित्रे एका ओळीत लावली की रस्त्यावरची कोणती माडी कधी पडली आणि कोणते दुकान कधी उभे राहिले हे दिसू लागते.

कागदांच्या बाबतीत घरच्यांना काय महत्त्वाचे वाटते यावर विसंबू नये. सनदा आणि खरेदीखते ते स्वतःच पुढे करतात. रोजमेळ आणि खतावणी या जमाखर्चाच्या वह्या, लग्नातील आहेराची यादी, शेतसाऱ्याच्या पावत्या, शाळेचे दाखले मात्र रद्दीत जातात. माझ्या मते आहेराच्या यादीइतका गावाचा नेमका नकाशा दुसरा नाही, कारण कोणाचे कोणाशी जाणे-येणे होते हे तिच्यात रुपयांनिशी नोंदलेले असते. कागदावरील कालगणना जशी असेल तशीच आधी उतरवून घ्यावी आणि इसवी सन शेजारी लिहावा. शकात ७८ मिळवावेत, मात्र जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथीसाठी ७९ धरावेत; आपल्याकडील फसली सन, म्हणजे शेतसाऱ्याच्या हिशेबाचे वर्ष, जूनच्या सुमारास सुरू होत असल्याने त्यात ५९० मिळवले की तो ज्या इसवी सनात सुरू झाला ते वर्ष मिळते. मोडी कागद अंदाजाने वाचू नये. त्याची प्रत काढून जाणकाराकडे द्यावी आणि वाचणाऱ्याचे नाव नोंदवावे. हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरणारा, दारात आला तर त्याने म्हणून दाखवलेली वंशावळ ध्वनिमुद्रित करावी, परंतु ती कागदांशी ताडून पाहिल्याशिवाय पुरावा म्हणून वापरू नये.

इथेच सर्वांत नाजूक भाग येतो. जुने कागद म्हटले की भावकीच्या मनात जमिनीची वाटणी उभी राहते, आणि ‘दप्तर दाखवा’ या विनंतीचा अर्थ अनेकदा भलताच घेतला जातो. त्यामुळे मूळ कागद घराबाहेर नेऊच नये. त्यांच्याच सोप्यात बसून, त्यांच्या देखत प्रत काढावी. काय सर्वांना दाखवता येईल आणि काय केवळ जपून ठेवायचे, हे घरच्यांकडून लेखी घ्यावे. न्यायालयात वाद चालू असलेला कागद तूर्त बाजूलाच ठेवलेला बरा.

हाताळणीचे नियम थोडेच आहेत. कोरड्या, स्वच्छ हातांनी कडेला धरावे, धूळ मऊ ब्रशने झटकावी, पाणी, सेलोटेप आणि फेव्हिकॉल यांना हात लावू नये, पाठीवर लिहायचे झाल्यास मऊ शिसपेन्सिलीनेच लिहावे. पावसाळी ओलीने फ्रेमच्या काचेला चिकटलेले छायाचित्र ओढून काढू नये, कारण प्रतिमेचा थर काचेवरच राहतो. ते काचेसकट स्कॅन करावे. पोस्टकार्डाएवढ्या प्रतीसाठी ६०० डीपीआय (दर इंचातले ठिपके) पुरते, पासपोर्ट आकाराला १२०० घ्यावे, मूळ फाइल टिफ या, प्रतिमेचा दर्जा न घटवणाऱ्या प्रकारात ठेवावी आणि पाठीमागची बाजूही सोडू नये. अल्बममधून छायाचित्र सुटे करण्याआधी पूर्ण पानाची प्रत काढावी, कारण पानावरचा क्रम हीसुद्धा माहितीच असते. फाइलला केवळ क्रमांक द्यावा आणि बाकी सारे नोंदवहीत लिहावे. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत बारीक होऊन येते, म्हणून ती डॉक्युमेंट म्हणून मागवावी.

मूळ छायाचित्रे चिकट पानांच्या अल्बममधून काढून आम्लरहित कागदाच्या पाकिटांत, लोखंडी कपाटात, जमिनीपासून उंच ठेवावीत. माळा उन्हाळ्यात तापतो आणि तळघरात ओल येते, त्यामुळे दोन्ही टाळावेत. डिजिटल प्रती तीन असाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी असावी. २००५ आणि २०१९ च्या महापुरांत सांगलीत ज्यांच्या घरांत पाणी शिरले, त्यांना याचे कारण सांगावे लागणार नाही.

एवढे झाल्यावर ओळख न पटलेली छायाचित्रे मोठी छापून, चेहऱ्यांवर क्रमांक घालून, गणेशोत्सवात देवळाजवळच्या एखाद्या ओसरीवर लावावीत. खाली कोरा कागद आणि दोरीला बांधलेली पेन्सिल ठेवावी, आणि शेजारी अक्षर चांगले असलेला एखादा विद्यार्थी बसवावा, कारण ज्यांना नावे ठाऊक असतात त्यांतल्या अनेकांना चष्म्याशिवाय लिहिता येत नाही.