कोर्सचे पैसे भरण्याआधी एवढं तपासा

मी हिशेबनीस आहे. धंदा शिकवणाऱ्या माणसाबद्दल मी आधी एकच गोष्ट विचारते: याने पैसा धंद्यात कमावला की धंदा शिकवण्यात?

मागे मामेभावाने एका गुरूच्या कमाईचा स्क्रीनशॉट दाखवला. फार भारावला होता. मी त्याच्याच लॅपटॉपवर त्याच्या बँकेचं पान उघडलं, शिल्लक रकमेवर राइट-क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ (पानामागचा कोड दाखवणारी ब्राउझरची सोय) उघडलं आणि आकड्यापुढे दोन शून्यं वाढवली. खात्यात काहीच बदललं नाही, पण स्क्रीनशॉट अगदी खरा वाटत होता. आणि आकडा खरा असला तरी ती बहुतेकदा विक्री असते, नफा नव्हे. जाहिरात, मालाची किंमत, परत आलेल्या ऑर्डरी आणि कर वजा केल्यावर हातात काय उरलं, हे सहसा कुणी दाखवत नाही.

आता त्या गुरूचा मागचा काळ बघा. वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहात त्याच्या साइटचा पत्ता टाका. जुनी पानं जपलेली असली तर तारखेनुसार दिसतात. आधी ड्रॉपशिपिंग (स्वतः माल न साठवता ऑनलाइन विक्री), मग क्रिप्टो, आता एआय, आणि प्रत्येक पानावर ‘दहा वर्षांचा अनुभव’ असेल तर तिथेच थांबा. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, कधी नोंदवलं ते ‘हू-इज’ या नोंदी दाखवणाऱ्या सेवेवर कळतं. मात्र जुनं डोमेन विकतही घेता येतं, म्हणून केवळ त्या तारखेवर विसंबू नका. कंपनीचं नाव दिलं असेल तर सरकारी नोंदणीत शोधा. साइटवरचे विद्यार्थ्यांचे फोटो गूगल लेन्समध्ये, म्हणजे फोटोवरून शोध घेणाऱ्या सोयीत टाका. तोच चेहरा दुसऱ्या नावाने भेटला तर समजून जा.

‘ऑफर संपायला दहा मिनिटं’ असं घड्याळ दिसलं तर तेच पान इन्कॉग्निटोत, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडा. बहुतेकदा ते पुन्हा दहापासून सुरू होतं. रिव्ह्यू वाचताना खाली सवलतीची लिंक आहे का बघा. असली तर लिहिणाऱ्याला कमिशन मिळत असण्याची शक्यता धरा.

सगळ्यात कामाचं म्हणजे ईमेल. फोनवर नको, लेखीच विचारा: तुमच्या स्वतःच्या धंद्याचं नाव काय? पैसे परत मिळण्याच्या अटी कोणत्या? वर्षभरापूर्वी कोर्स संपवलेल्या दोघांशी बोलता येईल का? प्रामाणिक शिक्षकाला यात राग येण्यासारखं काही नाही. ‘तुमचा माइंडसेटच निगेटिव्ह आहे’ असं कुणी सुनावलं, तर तुमची शंका रास्त होती.

मामेभावाने हेच तीन प्रश्न पाठवले. तासाभरात उत्तर आलं: ‘शेवटच्या दोन जागा उरल्यात.’ धंद्याचं नाव त्यात नव्हतं. त्याने पैसे भरले नाहीत.