रात्रभर जागून पाठ करण्यापेक्षा वाचा आणि झोपा

परीक्षा असो, नवीन भाषा असो की गिटारचे कॉर्ड्स, जे डोक्यात राहायला हवं त्याची झोपायच्या आधी एकदा उजळणी करा आणि मग सरळ झोपा, मधे मोबाईल नको. उजळणी म्हणजे नुसतं वाचणं नाही हं, पुस्तक मिटून काय काय आठवतंय ते बघायचं.

होतं काय, दिवसभर शिकलेलं आधी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाच्या भरवशावर असतं, आणि गाढ झोपेत तिथल्या पेशी दिवसाचा तोच पॅटर्न पुन्हा पुन्हा चालवतात, त्यातून ती आठवण हळूहळू मेंदूच्या बाहेरच्या थरात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये पक्की होत जाते. हे काही आजचं नाहीये, १९२४ मध्येच जेनकिन्स आणि डॅलनबाख या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं होतं की अर्थ नसलेली अक्षरं पाठ करून झोपलं तर जागं राहण्यापेक्षा कमी विसरायला होतं.

आणि चार तासांत भागवू नका प्लीज. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते पण स्वप्नांची रेम झोप पहाटेकडे वाढते, लवकरचा अलार्म लावला की नेमकी तीच कापली जाते.

आदल्या रात्रीची झोपही तितकीच महत्त्वाची, कारण जागरण झालेला मेंदू दुसऱ्या दिवशी नवीन काही नीट घेतच नाही. संध्याकाळनंतर कॉफी टाळा. दुपारी अभ्यासानंतर वीस-तीस मिनिटं डुलकी काढली तरी फायदा होतो, मुलं झोपली तर त्यांना आळशी म्हणू नका!