दुकानाबाहेर माल ठेवायचा नियम बदलतोय? हरकत-सूचना अशी द्या

प्लॉट आपला, मग समोर पाईप, टाक्या, सळया रचल्या तर कुणाचं काय जातं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण ते मार्जिन, म्हणजे इमारतीभोवतीची मोकळी जागा, हवा-उजेडासाठी आणि अग्निशमनची गाडी आत यायला सोडलेलं असतं, गोडाऊन म्हणून नाही.

आधी मंजूर नकाशा काढा, मार्जिन किती नि पार्किंग कुठे दाखवलंय ते बघा. नगररचना विभागातून झोन दाखला, म्हणजे प्लॉट कुठल्या वापराच्या विभागात येतो त्याचा कागद, घ्या. बांधकामाची नियमावली म्हणाल तर मुंबईत डीसीपीआर २०३४ आहे, महाराष्ट्राच्या बाकी बहुतेक भागात २०२० ची यूडीसीपीआर.

आता नियमातच फेरबदल येत असेल तर एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायदा १९६६ चं कलम ३७ लागतं, म्हणजे राजपत्रात नोटीस येते आणि त्या तारखेपासून एक महिन्याच्या आत कोणीही लेखी हरकत देऊ शकतं, दुकानदारही आणि मागच्या सोसायटीतले काकाही.

अर्जात नुसतं "आमचा विरोध आहे" लिहू नका प्लीज, त्याने काही होत नाही. सर्व्हे नंबर टाका, फोटो जोडा आणि नेमकं काय हवंय ते लिहा, ढिगाची उंची किती, रस्त्यापासून अंतर किती, कुंपण लागेल का, थिनर-गॅससारखा पेट घेणारा माल चालेल का, टाक्यांत पाणी साचून डास झाले तर जबाबदार कोण. दोन प्रती न्या, एकीवर आवकचा शिक्का घ्याच. सुनावणीला बोलावतात, तेव्हा स्वतः जा. शेवटची मंजुरी राज्य सरकारची, तोवर बाहेरचा माल आत घेतलेला बरा.