नवं पिल्लू, फ्लॅट आणि शी-शूची सवय

शिस्त कुत्र्याच्या पिल्लापेक्षा माणसांनाच जास्त लागते. दोन महिन्यांचं पिल्लू जागेपणी दोन-तीन तासांपेक्षा जास्त शू धरू शकत नाही. त्यामुळे झोपून उठलं, खाऊन झालं, दंगा करून दमलं की लगेच उचलून ठरलेल्या जागी न्यायचं. फरशी हुंगत गोल गोल फिरायला लागलं, तर हातातला चहा ठेवून पळा.

लसींचा कोर्स पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांचं होईस्तोवर, सोसायटीच्या बागेत किंवा टेकडीवर खाली सोडू नका. पार्व्हो या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराचा धोका खरा आहे. तोवर बाल्कनीच्या कोपऱ्यात जुने पेपर बरे. पुण्याच्या पावसाळ्यात ही सोय नंतरही कामी येते. पेपर बदलताना किंचित ओला तुकडा खाली राहू द्या, वासावरून जागा ओळखतं.

काम झालं की तिथल्या तिथे शाबासकी आणि उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा. घरात येऊन डबा उघडेपर्यंत बक्षीस कशाचं, हे ते विसरलेलं असतं. फरशीवर झालं तर ओरडू नका, नाक तर मुळीच घासू नका. ते फक्त सोफ्यामागे लपून करायला शिकतं. एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसा, अमोनियावाला नको.

‘बस’ही आत्ताच शिकवा. तुकडा नाकावरून हळूच मागे न्या, ढुंगण आपोआप टेकतं. शब्द मात्र घरात एकच हवा. आजी ‘खाली बस’ आणि मुलं ‘सिट’ म्हणत राहिली, तर पिल्लू दोघांचं ऐकून घेतं आणि मोज्यांकडे वळतं.