कॅलिफोर्नियात नव्याने आलात? एकदा खिसा रिकामा करून पाहा

घर मिळालं, बँकेत खातं उघडलं, डीएमव्हीच्या, म्हणजे इथल्या आरटीओच्या, रांगेत उभं राहून लायसन्स काढलं, की बस्तान बसलं असं आपल्याला वाटतं. माझ्या मते एक काम उरतं. एखाद्या संध्याकाळी खिसा आणि पर्स टेबलावर रिकामी करा. ऑफिसचा बॅज, बस-ट्रेनचं क्लिपर कार्ड, गाडीतला टोलचा फास्टट्रॅक टॅग. रीडरजवळ नेलं की रेडिओ लहरींवरून आपला नंबर सांगणारी आरएफआयडी चिप यांत असते. आपल्याकडचा फास्टॅग तोच प्रकार.

फरक कायद्याचा आहे. फास्टॅगचा नियम देशभर एकच. इथे मात्र चिप आणि खासगीपणा यांबद्दलचे बरेच कायदे राज्याराज्याचे आहेत. नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात गेलात की संरक्षणही बदलतं, म्हणून सामान बांधताना तिथला कायदा नक्की पाहा.

कॅलिफोर्नियात हा विषय पेटला तो एका शाळेमुळे. सॅक्रामेंटोच्या उत्तरेला सटर नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या ब्रिटन शाळेने 2005 च्या सुरुवातीला मुलांच्या गळ्यात आरएफआयडीचे बॅज अडकवले. आईवडील भांडले आणि काही आठवड्यांतच तो प्रयोग गुंडाळावा लागला. त्याच वर्षी राज्याचे सिनेटर जो सिमिटियन यांनी अशा चिपबद्दल विधेयक आणलं. पुढच्या एका विधेयकावर गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी नकाराधिकार वापरला, तरी सिमिटियन थांबले नाहीत. 2008 मध्ये कायदा झाला : तुमच्या नकळत, संमतीशिवाय तुमचं ओळखपत्र दुरून वाचलं तर एक वर्षापर्यंत कैद, 1,500 डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही. ऑफिसचा बॅजही या ओळखपत्रांत धरलेला आहे.

त्याआधीचा 2007 चा कायदा मला सर्वांत मोलाचा वाटतो. कुणाच्याही त्वचेखाली चिप बसवण्याची सक्ती करता येत नाही. आणि सक्ती म्हणजे फक्त धाकदपटशा नव्हे. ‘चिप बसवलीस तर नोकरी, बढती देतो’ हेही त्यात सक्तीच धरलं आहे. हे दूरचं वाटत असेल तर विस्कॉन्सिनचं पाहा. असा कायदा करणारं पहिलं राज्य तेच, 2006 मध्ये. तिथल्याच रिव्हर फॉल्समध्ये 2017 साली एका कंपनीच्या पन्नासच्या आसपास कर्मचाऱ्यांनी अंगठा आणि तर्जनीच्या मधे तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवून घेतली. स्वखुशीने, म्हणून ते कायद्यात बसलं.

आता कळकळीने सांगतो. एच-वन बी या कामाच्या व्हिसावर आलेली आपली मुलं ऑफिसात कशालाच नाही म्हणत नाहीत. व्हिसा कंपनीच्या हातात, उगाच कशाला, असं म्हणून गप्प बसतात. मीही अशीच वर्षं काढली. पण वरचे दोन्ही कायदे नागरिकत्व विचारत नाहीत. बॅजवरून जाण्या-येण्याच्या कोणत्या नोंदी ठेवता, किती दिवस ठेवता, हे एचआरला ईमेलने नम्रपणे विचारा. तोंडी विचारू नका. लेखी उत्तर जपून ठेवता येतं.

टोलचंही तसंच. पूर्वेकडच्या राज्यांत ई-झीपास या तिथल्या टोल टॅगच्या नोंदी घटस्फोटाच्या खटल्यांत पुरावा म्हणून आल्या आहेत. कॅलिफोर्नियात 2011 पासून टोल संस्थांना तुमची माहिती विकता येत नाही, आणि पोलिसांना ती हवी असेल तर साधारणपणे वॉरंट लागतं. तरी एक ध्यानात ठेवा : ट्रॅफिकचा वेग मोजायला सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात टोलनाक्याबाहेरही टॅग वाचले गेले आहेत. नको असेल तेव्हा टॅग मायलारच्या, म्हणजे धातूचा थर दिलेल्या प्लास्टिकच्या, चकचकीत पिशवीत घालून ठेवा, म्हणजे तो वाचला जात नाही.

शेवटी ग्रीन कार्ड. 2010 पासूनच्या कार्डात सीमेवरच्या अधिकाऱ्यांना दुरून वाचता येणारी चिप आहे. तिच्यात नावगाव नसतं, फक्त एक नंबर असतो. पण अठरा वर्षांवरच्या माणसाला कार्ड सतत जवळ बाळगावं लागतं, म्हणजे तो नंबर तुमच्याबरोबर सगळीकडे फिरतो. म्हणून कार्डाबरोबर एक कागदी पाकीट येतं, आत धातूचा थर असलेलं. आमचं आलं तेव्हा बायकोने ते रद्दीत टाकलं होतं. मी रद्दी उपसून काढलं. कडा झिजल्यात, मधे चिकटपट्टी लावली आहे, पण कार्ड अजून त्याच पाकिटात असतं.